जाऊ द्या न म्हणणारे भिंगारदिवे सर

‘जाऊ द्या हो’ हे तीन शब्द नसते तर शेवगावच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजची स्टाफरूम एक दिवस चालली नसती. पगार लांबला, जाऊ द्या हो. प्रिन्सिपॉल वाटेल ते बोलले, जाऊ द्या हो. एकदा नवं लोखंडी कपाट आलं, पण त्याची किल्लीच आली नाही. मग ते कोपऱ्यात ढकललं, वर चहाचे कप ठेवायला लागलो आणि सगळे म्हणाले, जाऊ द्या. मीही त्यातलीच. मराठी शिकवायचे म्हणून तेच जरा शुद्ध उच्चारात म्हणायचे, एवढंच.

हे शब्द तोंडात येऊ न देणारा माणूस आमच्यात एकच होता. फिजिक्सचे भिंगारदिवे सर. कपाट येऊन आठवडा झाला असेल. सर एका दुपारी सरळ फरशीवर आडवे झाले आणि कपाटाखाली हात घालून चाचपू लागले. किल्ली कपाटाच्याच बुडाला टेपनं चिकटवलेली निघाली. सर उठले, शर्टाची धूळ झटकली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

“कमाल आहे हो तुमची! वेळ बरा असतो असल्या गोष्टींना,” मी म्हटलं. “आम्ही तर जाऊ द्या म्हणून सोडून दिलं होतं.”

“जाऊ कुठं द्यायचं, मॅडम?” सर म्हणाले. “ते इथंच राहतं. आपणच जातो.”

हे वाक्य ते उपदेश म्हणून बोलले नव्हते. वायरचा रंग सांगावा तसं सांगितलं होतं. सरांचं सगळं बोलणं असंच. आवाज कधी चढला नाही, आणि उतरलेलाही फारसा ऐकला नाही. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर, आणि चौघडी घातलेला एक रुमाल. तो रुमाल घाम पुसायला नव्हता. जे जे यंत्र तापतं त्याच्याखाली तो जायचा. घाम ते बाहीला पुसायचे आणि त्यावरून वहिनींची बोलणी खायचे.

आमच्या खोल्या एकाच रांगेत, भिंतीला भिंत. माझे यजमान नगरला नोकरीला, शनिवारी यायचे. त्यामुळे आठवडाभर माझी संध्याकाळ बहुधा भिंगारदिव्यांच्या ओट्यावर जायची. एकदा माझा रेडिओ बोलेना. मी तो उचलून तडक त्यांच्याकडे नेला.

“सर, रेडिओ बंद पडला.”

“काय झालं ते नको. काय दिसलं ते सांगा.”

“दिसलं काय डोंबल! बंद पडला म्हणजे बंद पडला.”

“बंद पडला हे तुमचं मत झालं, मॅडम. दिवा लागतोय का? खरखर येतेय का? सकाळी लागला होता, त्यानंतर तुम्ही त्याला कुठं हलवलं?”

हलवला होता. खिडकीत नेला होता, आणि नेताना वायर प्लगातून सुटली होती. मी लाल होऊन परत निघाले तेव्हा आतून वहिनी म्हणाल्या, “मॅडम, तुमी एक डाव आला, तर इतक्या वैतागल्या. मी रोज सोसतिया. आमटी खारट झाली म्हन्लं तर हे म्हन्त्यात, उद्या मीठ तेवढंच ठेव आन पानी वाढव, मंग कळंल. अहो, उद्याचं काय! आजची कोन खानार?”

सरांचा नियमच होता तो. एका वेळी एकच बदल, आणि बदल केला की पुन्हा अगदी सुरुवातीपासून तपासायचं. मधूनच नाही. आमटीपासून प्रयोगशाळेपर्यंत सगळ्याला हाच नियम लागू.

कॉलेजात व्हिडिओवर मुलींना आरोग्याची फिल्म दाखवायची होती त्या दिवशीची गोष्ट. हॉल भरलेला, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. प्रिन्सिपॉल स्वतः उठले आणि व्हीसीआरच्या डोक्यावर थाप मारू लागले. एक मारली, दोन मारल्या. चित्र क्षणभर आलं, पुन्हा मुंग्या. सरांनी हलकेच त्यांचा हात धरला. “सर, थापा मारून चालतात ते पुढारी. याचं वेगळं असतं.” मुली इतक्या हसल्या की शेवटी प्रिन्सिपॉलांनाही हसावं लागलं. मग सरांनी मुलींनाच विचारायला सुरुवात केली: मुंग्या आधी आल्या की आवाज आधी गेला? चित्र वरून फाटतंय की खालून? मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, खालून. सरांनी झाकण उघडलं, आतलं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं हळू पुसलं, आणि चित्र आलं. फिल्म संपल्यावर त्यांनी त्या पोरीला पुढे बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, “हिनं बघितलं. तुम्ही नुसतं तोंड फिरवलं.” ती पोरगी वर्षभर पहिल्या बाकावर बसली.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा या माणसाच्या घरी लॅपटॉप आला. अख्ख्या शेवगावात दुसरा असेल असं वाटत नाही. सरांच्या मेहुण्यांच्या पुण्यातल्या कंपनीनं तो मोडीत काढलेला. बॅटरी मेलेली, म्हणजे वायर लावूनच चालायचा. आतलं विंडोज सुरू व्हायच्या आत गुडघे टेकायचं. सरांनी एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी घातली आणि त्याच्यावर लिनक्स चढवलं. लिनक्स म्हणजे काय, हे त्यांनी मला पुष्कळदा समजावलं. मला कळलं ते इतकंच की हे फुकट असतं, आणि प्रत्येक गोष्ट त्याला लिहून सांगावी लागते. विंडोज म्हणे आपलं चुकलं तर गप्प बसतं. हे लिनक्स मात्र काय चुकलं ते इंग्रजीत ओळीच्या ओळी सांगत राहतं. “अगदी तुमच्याच स्वभावाचं आहे,” मी म्हटलं. सर खूश झाले.

वीज गेली की लॅपटॉप जागच्या जागी बंद, आणि वीज आमच्याकडे रोजच जायची. परत आली की ते यंत्र आधी स्वतःला नखशिखांत तपासत बसायचं. तेवढ्या वेळात वहिनींच्या भाकरी होऊन जायच्या.

हा सगळा खटाटोप कशासाठी होता, ते आता सांगते. सरांचे वडील, तात्या. तिसगावचे. तरुणपणी जलशात गायचे. डफ घेऊन गावोगाव फिरले. शिकायची गाणी गायले, पाणवठ्यावरच्या हक्काची गायले. स्वतः सहीपुरते शिकलेले, पण गाणी स्वतः रचायचे. शेवगाव-पाथर्डी भागात तात्यांचं गाणं ऐकून पोरीला शाळेत घातलं असं सांगणारी माणसं मला स्वतःला भेटली आहेत. पुढे घशाचा कॅन्सर झाला. पुण्याला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला कायमचं भोक पडलं, त्यावर पांढरा रुमाल. ओठ हलायचे, शब्द ऐकू यायचा नाही.

ऑपरेशनच्या थोडं आधी लोकगीतांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई तिसगावला आल्या होत्या आणि त्यांनी कॅमेऱ्यावर तात्यांची गाणी घेतली होती. बाई पुढे परदेशी गेल्या. दोनेक वर्षांनी त्यांच्याकडून टपालानं एक सीडी आली. बस, तेवढीच. तात्यांचा आवाज जगात त्या एका चकतीवर होता.

“तात्यांनी सगळ्या तालुक्याला ऐकवलं, मॅडम,” सर मला म्हणाले, “पण स्वतःला बाहेरून कधी ऐकलं नाही. गाणाऱ्याला ऐकू येतं ते आतून. एकदा त्यांना समोर बसवून ऐकवायचंय.” तात्यांची तब्येत उतरत चालली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीख दिली नव्हती. जमेल तसं या, म्हणाले होते. त्याचा अर्थ आम्हाला सगळ्यांनाच कळला होता.

सीडी नगरच्या एका दुकानात नेऊन झाली. तिथल्या मशीनवर ती उघडलीच नाही. ही फिल्म वेगळ्याच पद्धतीनं भरली आहे, म्हणाले. आणि वर त्या दुकानदारानं सरांना काय सांगावं? “जाऊ द्या सर.” झालं! दुसऱ्या दिवशी सर तिसगावला गेले आणि तात्यांना शेवगावला घेऊन आले.

उन्हाळ्याची सुट्टी होती. खाटेवर तात्या, समोर पाटावर लॅपटॉप, त्याच्याखाली चौघडीचा रुमाल, आणि दाराशी मी व वहिनी शेंगा फोडत बसलेल्या. आधी फिल्म उघडेना. सर एसटीनं नगरला जाऊन इंटरनेटच्या दुकानातून फ्लॉपीवर दुसरा प्रोग्राम घेऊन आले. मग उघडली, पण तात्यांचा चेहरा निळा! वहिनी घाबरल्या. सरांनी पडद्याला जास्त रंग वापरायला लावले आणि तात्या सावळे झाले. मग चित्र अडखळू लागलं. एक हात वर गेला की खाली यायला उशीर. सरांनी फिल्म सीडीवरून यंत्राच्या आत उतरवून घेतली, चौकट लहान केली, आणि चित्र वाहतं झालं. पांढऱ्या सदऱ्यातले, ताठ मानेचे तात्या डफ वाजवताना आणि गाताना दिसू लागले.

पण मुके. डफावर थाप पडत होती, तोंड उघडत होतं, आणि खोलीत फक्त पंख्याचा आवाज. खाटेवरचे तात्या पडद्यातल्या तात्यांकडे बघत होते, दोघेही मुके. वहिनी उठून आत गेल्या. मलाही तिथे बसवेना.

सर मात्र डगमगले नाहीत. आवाजाचं कार्ड कुठल्या नंबरावर आहे ते लिनक्सला ठाऊक नसतं, म्हणाले. ते सांगावं लागतं. एक नंबर दिला, यंत्र पुन्हा सुरू केलं, फिल्म पहिल्यापासून लावली, थोडी पाहिली. आवाज नाही. बंद केली. दुसरा नंबर. पुन्हा पहिल्यापासून. एके दिवशी यंत्रातून ‘टुण्ण’ असा आवाज निघाला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी फिल्म लावली. मुकीच. “म्हणजे कार्ड बोलतंय, प्रोग्राम बोलत नाही,” सर शांतपणे म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नगरची गाडी पकडली.

याच दिवसांत तात्यांनी खुणा सुरू केल्या. फिल्म लागली की ते गळ्याखाली, सदऱ्याच्या बटणपट्टीवर दोन बोटं ठेवायचे, मग हात पुढे झाडल्यासारखा करायचे. ओठ हलायचे. सर बघायचे आणि म्हणायचे, “थांबा तात्या, जरा दम धरा.” मला ओठांवरचं वाचता यायला लागलं होतं, किंवा तसं मला वाटत होतं. मी म्हटलं, “सर, तात्या म्हणताहेत, जाऊ द्या. गळाच गेला, आता जाऊ द्या.”

सरांच्या चेहऱ्यावर मी कधी काही उमटलेलं पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं. ते तात्यांच्या पायाशी बसले. “तात्या, सगळं गाव म्हणतं. तुमी तरी म्हनू नका.” शहरी बोलणं सुटून तिसगावचं बाहेर आलं होतं. तात्यांनी जोरजोरात मान हलवली, पुन्हा बटणपट्टीला बोटं लावली, पुन्हा हात झाडला. सर उठून यंत्राकडे वळले. बापानंच आशा सोडलेली बघवत नाही हो माणसाला. त्यानंतर तात्यांचा हात वर झाला की सर पडद्यात डोकं घालायचे.

आणि मग एक दिवस नळ आले.

शेवगावात नळाला पाणी येणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. चार-चार, सहा-सहा दिवसांनी यायचं, वेळेचा नेम नाही, आणि आलं की कुणाचं लग्न चालू असलं तरी लोक भांडी घेऊन धावायचे. सरांनी नवा प्रोग्राम घालून फिल्म नुकती पहिल्यापासून सुरू केली होती, आणि बाहेर ओरडा झाला, “आलं, आलं!” वहिनी हंडे घेऊन पळाल्या, मी माझ्या खोलीकडे पळाले, आणि वहिनींनी हाक मारली म्हणून सरसुद्धा पाइप धरायला उठले. इतक्या दिवसांत फिल्म बंद न करता सर जागेवरून पहिल्यांदा उठले होते.

अंगणात आम्ही तिघं. सर टाकीत पाइप धरून उभे. आणि खोलीतून डफ वाजला.

“कोन आलंय घरात?” वहिनी म्हणाल्या.

मग आवाज आला. जाड, भरदार, जरासा घोगरा. 

‘काढ गं पोरी, काढ अक्षर, 
धूळपाटीवर काढ अक्षर...’

सरांच्या हातातून पाइप सुटला. तो अंगणभर पाणी उडवत साप वळवळावा तसा फिरत राहिला, आणि शेवगावात, नळ आलेले असताना, त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. आम्ही ओल्या पायांनी दारात जाऊन उभे राहिलो. तात्या खाटेवर पुढे वाकून बसले होते. पडद्यावर त्यांच्या सदऱ्याच्या बटणपट्टीवर, गळ्याखाली, एक काळा लहानसा माइक लावलेला होता.

तो सुरुवातीला नव्हता. सरांनी नंतर फिल्म पुन्हा लावली तेव्हा सगळं दिसलं. त्या कॅमेऱ्यात आवाज जायचा तो फक्त माइकमधून, आणि पहिलं गाणं तात्या अख्खं गातात ते माइक न जोडता, म्हणून मुकं. ते संपतं, त्या बाईंचा हात चौकटीत येतो, बटणपट्टीला माइक लावतो, आणि तात्या तेच गाणं पुन्हा म्हणतात. मुका भाग चारेक मिनिटांचा, आणि आम्ही एकदाही एका मिनिटापलीकडे गेलो नव्हतो. बाईंनी फिल्म पाठवताना पुढचा भाग कापला नव्हता, एवढंच. यंत्रातला आवाज त्या ‘टुण्ण’च्या दिवसापासूनच नीट होता. तात्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माइक इथं नंतर लावला, असं ते बोटांनी सांगत होते. आणि ओठांनी सांगत होते, ‘जाऊ द्या पुढं.’ त्यातले दोन शब्द आम्ही वाचले आणि तिसऱ्याला तोंड फिरवलं. मी तर मराठीची मास्तरीण!

पण ते नंतर. त्या क्षणी आम्ही तात्यांकडे बघत होतो. ते ऐकत होते. डोळे मिटलेले, मांडीवर बोटांचा ठेका. वहिनी पदर तोंडाला लावून रडत होत्या, मीही रडत होते, आणि सर चौकटीला धरून उभे होते. गाणं संपलं. तात्यांनी डोळे उघडले, सरांकडे बघितलं, नाक मुरडलं आणि हात खाली-खाली आणत ओठ हलवले. या वेळी ओठ वाचायची माझी छाती होईना. सरांनीच वाचलं.

“काय म्हणताहेत?” मी विचारलं.

“म्हणताहेत, सूर उतरलाय.”

आणि भिंगारदिवे सर हसायला लागले. मोठ्यानं, पोट धरून. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. तात्यांचेही खांदे हलत होते. मग तात्यांनी खूण केली: पुन्हा लाव. त्या दिवशी वीज गेली नाही. उतरलेल्या सुराचं ते गाणं तात्यांनी अंधार पडेपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर सर मला म्हणाले, “काय दिसलं ते सांगा, असं जगाला म्हणणारा मी. तात्यांचा हात मला रोज दिसत होता, मॅडम.” सवयीनं ‘जाऊ द्या’ ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

त्या थंडीत तात्या गेले. जलदान विधीला मी तिसगावला गेले होते. विहारासमोर मंडप, भरपूर माणसं, त्यात म्हाताऱ्या बायका किती तरी. वायरमनला आधीच सांगून ठेवलेलं, म्हणून वीज होती. वंदना झाली, दोन-चार माणसं बोलली. मग सरांनी टेबलावर रुमालाची चौघडी ठेवली, तिच्यावर लॅपटॉप, आणि त्याची वायर लाउडस्पीकरला जोडली. मला वाटलं होतं, ते मुका भाग सोडून लावतील. त्यांनी पहिल्यापासून लावलं.

छोट्या पडद्यावर तात्या डफ वाजवत होते, तोंड हलत होतं. कर्णे गप्प. लोक थोडा वेळ बघत राहिले, मग चुळबुळ सुरू झाली.

“आवाज न्हाई ओ सर!” मागून कुणीतरी ओरडलं.

“बंद पडलं जनू.”

“वायर बगा, वायर!” दोन पोरं उठून टेबलाकडे निघाली.

सर टेबलाजवळ उभे होते. त्यांनी यंत्राला हात लावला नाही. पोरांना हातानं थांबवलं, आणि मग गळ्याखाली, शर्टाच्या बटणपट्टीवर दोन बोटं ठेवून हात पुढे केला. हुबेहूब तात्यांसारखा.

“जाऊ द्या,” सर म्हणाले.

इतक्या वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. मी त्यांच्या ओठांवरची नजर काढली नाही.

“पुढं.”